जुने फौजी सुरे जमवताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला सुरा हाती आला की पहिली चूक ठरलेलीच. तो त्याच्याच चामडी म्यानात सरकवून कपाटात ठेवला जातो. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली आम्लं अन् क्षार पात्याला भिडतात. कार्बन स्टीलवर आधी काळे ठिपके पडतात, मग खड्डे. पितळेवर हिरवा मेणचट थर चढतो. सुरा म्यानाबाहेर काढून ठेवा, पण म्यान त्याच खणात. जोडी फुटू देऊ नका.

सोलापूरचा उन्हाळा वेगळा छळतो. रँडल किंवा का-बार या अमेरिकन सुऱ्यांच्या बऱ्याच मुठी चामड्याच्या चकत्या एकमेकींवर दाबून केलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर गेला की चकत्या आक्रसतात आणि मूठ हलायला लागते. घाबरून ती पाण्यात भिजवू नका, आतली सळई गंजेल. तेलही पाजू नका, चामडं काळवंडून लिबलिबीत होतं. माळा आणि पत्र्याखालची खोली टाळा, बस्स.

पात्याला खोबरेल किंवा शेंगतेल लावणारे आजही भेटतात. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. मशीनचं साधं खनिज तेल पुसट लावा. यंत्रमागांच्या गावात ते कुठेही मिळतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे धारवाल्याच्या चाकावर 'चकाचक' करून आणणं. फेअरबर्न-साइक्स या ब्रिटिश कमांडो सुऱ्याचं पातं शंकरपाळ्याच्या छेदाचं असतं, मधोमध सरळ कणा. चाक फिरलं की कणा वाकडातिकडा होतो, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि ती परत येत नाहीत. अशा पात्याकडे बघवत नाही. लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि बांबूच्या काडीने हलकेच खरवडा. काळसर जुनी झाक राहू द्या.

खरेदीत फसगत होते ती याच कमांडो सुऱ्यात. विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने केलेल्या पहिल्या नमुन्याची मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी एस आकाराची होती, दुसऱ्याची सरळ झाली. तिसऱ्याला गोल कड्यांची ओतीव मूठ आली, ती 1943 पासून. युद्धानंतरही शेफील्डमध्ये हे सुरे बनतच राहिले. पात्यावर 'इंग्लंड' असा ठसा दिसला तर तो बहुधा नंतरचा, विक्रीसाठी केलेला माल समजा.

अमेरिकेतल्या ऑर्लँडोचे रँडल हाताने घडवलेले, त्यामुळे एका फोटोशी ताडून निकाल लावू नका. म्यान बनवणाऱ्याचा ठसा बघा: हायझरचं म्यान जुनं, जॉन्सनचं त्यानंतरचं. पण म्यानं बदललेलीही असतात. सैनिकाचं नाव कोरलेलं असेल तर भिंगाखाली धरा. जुन्या काळ्या पात्यावर अक्षरांचा तळ तेवढा चमकत असेल, तर नाव परवा कोरलेलं आहे. 'आजोबा ब्रह्मदेशात लढले' या गोष्टीचे पैसे देऊ नका. सोबत सेवापुस्तक किंवा पत्र असेल तर द्या.

कायद्याबाबत '9 इंचांच्या आतलं पातं असलं की सगळं चालतं' हे ऐकीव आहे. शस्त्र नियम 2016 च्या यादीत खंजीर आणि संगीन नावानिशी आहेत आणि दुधारी कमांडो सुरा खंजिरातच मोडतो. परदेशातून मागवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश असेल, त्या दिवसांत मित्राला दाखवायलासुद्धा सुरा घराबाहेर नेऊ नका.