मुले लहान असताना रक्तदान कसे जमवावे

रक्तदान करण्याची मनापासून इच्छा असते, तारीखही ठरलेली असते, आणि तरीही महिन्यांमागून महिने निघून जातात, ही लहान मुलांच्या आईवडिलांची नेहमीची व्यथा आहे. ऐन दिवशी मुलाला ताप येतो, सांभाळायला येणारी व्यक्ती आयत्या वेळी येऊ शकत नाही, किंवा सगळी जुळवाजुळव करून रक्तपेढीत पोहोचल्यावर हिमोग्लोबिन किंचित कमी भरते आणि रक्त न देताच परत यावे लागते. यातून होणारी चिडचिड अगदी रास्त आहे. मात्र यांपैकी पुष्कळ अडचणी आधी ओळखता येतात आणि घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांचा बंदोबस्त करता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेचा खरा हिशेब मांडावा. प्रत्यक्ष रक्त काढायला साधारण ८ ते १० मिनिटे लागतात, पण नोंदणी, प्रश्नावली, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून सुमारे एक तास जातो, आणि जाण्यायेण्याचा वेळ त्याहून वेगळा. दोन कामांच्या मधल्या अर्ध्या तासात हे उरकू पाहणाऱ्या माणसाच्या पदरी बहुधा निराशाच येते. वेळ आधी ठरवून घेण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. नसेल तर गर्दी केव्हा कमी असते आणि शेवटची नोंदणी किती वाजता बंद होते, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे. शिबिरात सगळे दाते एकाच सुमारास येतात, त्यामुळे मुले शाळेत असताना थेट रक्तपेढीत जाणे अनेकांना सोयीचे पडते. केवळ प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, देण्याची प्रक्रिया यंत्रावर चालते आणि तिला दीड ते दोन तास लागू शकतात. म्हणून ज्यांच्याकडे मोजकाच वेळ आहे त्यांनी सध्या संपूर्ण रक्तदानच निवडावे.

त्याच दूरध्वनीत आपण पात्र आहोत की नाही, याचीही खात्री करून घ्यावी, कारण पात्रतेचे नियम देशागणिक आणि कधीकधी संस्थेगणिकही बदलतात. नुकतेच घेतलेले प्रतिजैविक, काढलेला दात, टोचलेली लस, गोंदण, दूरचा प्रवास, अलीकडचे बाळंतपण, अंगावर पाजणे, यांपैकी जे लागू असेल ते आपणहून सांगावे. घरात कोणाला कांजिण्यांसारखा संसर्ग झाला असेल तर स्वतःला काहीही होत नसले तरी तेही सांगावे. कांजिण्यांची लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, आणि लक्षणे नसलेल्या या काळात काही संसर्गांचे जंतू रक्तात असू शकतात. ज्याला ते रक्त चढवायचे आहे त्याची प्रतिकारशक्ती कदाचित उपचारांमुळे आधीच खालावलेली असेल.

हिमोग्लोबिनवर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आयांना सर्वाधिक वेळा मागे फिरावे लागते ते इथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार स्त्री दात्यासाठी किमान १२ आणि पुरुष दात्यासाठी किमान १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर असे प्रमाण धरले जाते. काही देशांत दोघांसाठी १२.५ हीच मर्यादा आहे. एका वेळी ४५० मिलिलिटर रक्त दिले तर शरीरातून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. मासिक पाळी आणि बाळंतपण यांत ज्यांचा लोहाचा साठा आधीच घटलेला असतो, त्यांना तो भरून काढायला अनेक महिने लागू शकतात. म्हणून रक्तदानाच्या काही आठवडे आधी हिमोग्लोबिन, आणि शक्य असल्यास फेरिटिन, तपासून घेणे फार उपयोगाचे ठरते. फेरिटिनवरून साठ्यात लोह किती उरले आहे ते कळते. आहारात डाळी, हिरव्या पालेभाज्या आणि त्यांच्या जोडीला क जीवनसत्त्व असलेले फळ ठेवावे, आणि चहा-कॉफी जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावी, कारण ती वनस्पतिजन्य लोहाचे शोषण रोखते. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि त्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद जागी ठेवाव्यात. गोड समजून खाल्लेल्या अशा गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

आदल्या रात्री पुरेशी झोप झालीच पाहिजे. बाळाने रात्रभर जागवले असेल तर तारीख पुढे ढकलावी, त्यात कसलाही कमीपणा नाही. निघण्यापूर्वी व्यवस्थित खावे, पण तेलकट-तुपकट टाळावे, कारण रक्तात चरबी वाढली की रक्तद्रव दुधाळ होतो आणि तपासण्यांत अडथळा येऊ शकतो. सुमारे अर्धा लिटर पाणीही प्यावे. मुलांचे सगळे आवरण्याच्या घाईत स्वतःचे खाणे राहून जाणे ही आईवडिलांची जुनी सवय आहे, आणि रक्तदानाच्या दिवशी तिच्यामुळे चक्कर येऊ शकते.

मुलांना सोबत न्यायचे असेल तर तशी परवानगी आहे का, हे आधी विचारावे. परवानगी असली तरी मुलाकडे पाहायला दुसरे प्रौढ माणूस हवेच, कारण दात्याला भोवळ आली तर कर्मचाऱ्यांनी दात्याकडे धावायचे की मुलाकडे, असा पेच निर्माण होतो. आईवडिलांनी शक्यतो एकाच दिवशी रक्त देऊ नये. ज्या हातातून रक्त काढले त्या हाताने दिवसभर जड उचलायचे नसते, आणि घरात मूल असेल तर त्याला कडेवर घेण्याची वेळ हटकून येते. रोज मूल ज्या हातावर घेतो तो सोडून दुसरा हात पुढे करावा. त्या दिवशीची मुलांची अंघोळ आणि बाजारहाट आधीच उरकून घ्यावी. नंतर डोके हलके वाटू लागले तर मुलाला ताबडतोब खाली ठेवावे आणि पाय थोडे उंच करून पडून राहावे.

एका मोहाबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. एवढा खटाटोप करून पोहोचल्यावर परवाची सर्दी किंवा कालची गोळी सांगू नये, असे वाटू शकते. तसे कदापि करू नये. प्रत्येक रक्तपिशवीची तपासणी होते हे खरे, पण अगदी ताजा संसर्ग तपासणीत न सापडण्याचा एक काळ असतो, आणि त्या काळात रुग्णाचे रक्षण करणारी मुख्य गोष्ट म्हणजे दात्याचे खरे उत्तर.

नकार मिळालाच तर तीन गोष्टी विचाराव्यात: नेमके कारण काय, नकार तात्पुरता आहे का, आणि पुन्हा केव्हा यावे. ती तारीख तिथेच भ्रमणध्वनीत नोंदवावी. रक्तदान पार पडले असेल तरी पुढची तारीख अशीच टिपून ठेवावी. दोन रक्तदानांतले अंतर निरनिराळ्या देशांत ८ ते १६ आठवडे असते. एखादी खेप हुकली म्हणून खंत करत बसू नये. रक्तपेढीत साठवलेल्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट ५ ते ७ दिवस, त्यामुळे रक्ताची गरज पुढच्या महिन्यातही तितकीच असणार आहे. ओळखीच्या दुसऱ्या एखाद्या पालकाशी ठरवून घ्यावे की त्यांच्या दिवशी त्यांची मुले आपण सांभाळू आणि आपल्या दिवशी आपली मुले ते सांभाळतील. ज्यांना सध्या रक्त देता येत नाही, त्यांनाही हे सांभाळण्याचे काम करता येते.