कॉम्प्युटर सुरू होत नसेल, तर आधी तो कुठे थांबतो ते पाहा

“कॉम्प्युटर चालूच होत नाही,” असे फोनवर सांगणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: बटण दाबल्यावर नेमके काय होते? सांगली-मिरजेतल्या नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे घरगुती कॉम्प्युटर उघडून पाहताना माझ्या लक्षात आले आहे की, या एका वाक्यामागे तीन अगदी वेगळे बिघाड असतात. पहिल्यात यंत्र पूर्ण निपचित असते. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. दुसऱ्यात पंखा फिरतो, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. तिसऱ्यात कंपनीचे चिन्ह पडद्यावर उमटते, पण त्यापुढे विंडोज उघडत नाही. तिन्हींची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. म्हणून हाती स्क्रू ड्रायव्हर घेण्यापूर्वी आपले यंत्र यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडते, हे शांतपणे पाहून एका कागदावर लिहून ठेवावे. पुढे जे काही कराल ते एका वेळी एकच करावे आणि प्रत्येक बदलानंतर बटण दाबून पाहावे, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला हे कधीच कळत नाही.

यंत्र निपचित असेल तर भिंतीपासून सुरुवात करावी. ज्या सॉकेटमध्ये कॉम्प्युटरची पिन आहे, तिथे मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे. घरात यूपीएस असेल तर तो पूर्णपणे बाजूला काढून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावी. माझ्याकडे आलेल्या ‘मेलेल्या’ कॉम्प्युटरांपैकी कितीतरी या एका कृतीनेच चालू झाले आहेत. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेली बॅटरी कधीकधी यूपीएसलाच सुरू होऊ देत नाही. त्यानंतर कॅबिनेटच्या मागची काळी जाड वायर काढून पुन्हा घट्ट बसवावी, कारण टेबल हलवताना ती अर्धवट सुटते आणि वरून पाहिले तर नीट बसल्यासारखीच दिसते. तिच्याशेजारीच बहुधा एक छोटे स्विच असते, ज्यावर एक उभी रेघ आणि एक शून्य असते; ते रेघेच्या बाजूला दाबलेले हवे. जुन्या यंत्रांत तिथेच ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल स्विचही आढळते. ते २३० वरच असले पाहिजे, आणि केर काढताना ते कुणाच्या हातून सरकले नाही ना, हे पाहावे.

एवढे करूनही हालचाल नसेल, तर वायर भिंतीतून काढून चालू-बंदचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग वायर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. विजेच्या दाबात अचानक चढउतार झाला की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली विजेची पेटी, स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन बसते. आत साठलेली वीज उतरली की ती अनेकदा पुन्हा कामाला लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वादळ आणि विजा घेऊन येतो, आणि वीज जाऊन-येऊन खेळ चालू असतो, त्या दिवसांत हा प्रकार हमखास घडतो. ढग गडगडू लागले की कॉम्प्युटरची पिन आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत. पुष्कळ जण पिन काढतात, पण इंटरनेटची तांब्याची वायर तशीच ठेवतात आणि मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, तिथून येणाऱ्या झटक्याने जातो.

कॅबिनेटचे झाकण काढण्यापूर्वी वीज पूर्ण तोडलेली असावी आणि उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून घ्यावी. झाकण काढून वायर पुन्हा जोडली की अनेक मदरबोर्डांवर एक छोटा दिवा लागतो. तो लागत असेल आणि तरीही बटण दाबून काहीच होत नसेल, तर दोष बटणात किंवा त्याच्या बारीक वायरीत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मदरबोर्डवर बटणाच्या दोन पिना जिथे जोडल्या आहेत, तिथली टोपी काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर बटण बदलण्यापलीकडे काही करायचे नाही. दिवाही लागत नसेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. मल्टीमीटर वापरता येत असेल आणि पंखे तरी फिरत असतील, तर पिवळ्या वायरीवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. पाच टक्क्यांहून अधिक फरक असेल तर ती पेटी बदलावी. ती पेटी घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठलेला राहू शकतो, आणि नवी पेटी घेण्याचा खर्च त्या धोक्यापुढे काहीच नाही.

दुसरा प्रकार, म्हणजे पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, हा मला सर्वांत जास्त वेळा भेटला आहे, आणि घरच्या घरी सुटण्याची आशाही यातच सर्वांत अधिक आहे. प्रथम कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. तो नीट प्रतिसाद देत असेल तर कॉम्प्युटर आत जागा आहे आणि दोष बहुधा मॉनिटरचा किंवा त्याच्या वायरीचा आहे. मॉनिटरचा दिवा नारिंगी राहत असेल किंवा लुकलुकत असेल, तर त्याला वीज मिळते आहे, पण कॉम्प्युटरकडून चित्र मिळत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या यंत्रात मॉनिटरची वायर चुकून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावलेली असते, तीही एकदा पाहून घ्यावी.

कॅप्स लॉकचा दिवा मुका राहिला तर वळायचे रॅमकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या मेमरीच्या पट्टीकडे. हे कसे करायचे ते मी माझ्या चुलत्यांच्या कॉम्प्युटरच्या आधारे सांगतो. काका मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात आणि उरलेले काम रात्री घरच्या कॉम्प्युटरवर करतात. हंगामात त्यांच्या कपड्यांतून, पिशव्यांतून, वह्यांच्या पानांतून हळदीची भुकटी घरी येते. “अरे, काल रात्रीपर्यंत चालत होता, आता नुसता पंखाच फिरतोय,” असे त्यांनी सांगितले म्हणून मी झाकण काढले, तर आतला प्रत्येक कोपरा फिकट पिवळा झाला होता आणि प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांवर हळद आणि धूळ मिळून मेणासारखा थर जमला होता. मऊ रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने, पंख्याची पाती बोटाने धरून, तो थर काढला. पाती मोकळी सोडून हवा मारली तर पंखा वेगाने उलटसुलट फिरून बिघडू शकतो. मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबून ती अलगद उचलली. तिच्या खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या होत्या. शाळेतल्या मुलांचे साधे पांढरे खोडरबर घेऊन त्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासल्या. रबराचा राखाडी चुरा निघाला आणि पट्ट्या पुन्हा पिवळ्या चमकू लागल्या. चुरा स्लॉटमध्ये पडू नये म्हणून हे काम कॅबिनेटपासून दूर, कागदावर करावे. रॅमच्या कडेला एक खाच असते, ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून, दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबली की ती बसली. काकांचा कॉम्प्युटर त्याच क्षणी चालू झाला. दोन रॅम असतील तर एक काढून एकेक करून पाहावी. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही, तर दुसरी खराब आहे, आणि दोन्ही एकाच स्लॉटमध्ये चालतात पण दुसऱ्यात नाहीत, तर स्लॉट खराब आहे.

सांगलीत हे इतके घडते त्याला इथली हवा कारण आहे. हळदीच्या गिरण्यांजवळची भुकटी, गळीत हंगामात धुराड्यांतून उडून गच्चीवर पडणारी काजळी, आणि पावसाळ्यातली दमट हवा हे सर्व रॅमच्या पट्ट्यांवर एकत्र येते. म्हणून कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा व गळीत हंगाम संपल्यावर एकदा ते उघडून साफ करावे.

कॉम्प्युटर सुरू होताना ‘बीप’ वाजत असतील तर ते किती आणि कसे वाजतात हे मोजून लिहून घ्यावे, कारण त्या संख्येचा अर्थ मदरबोर्डच्या कंपनीनुसार बदलतो आणि तो त्या बोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

आता एका नाण्याएवढ्या वस्तूविषयी, जिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मदरबोर्डवर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेली, ३ व्होल्टची एक चपटी बॅटरी असते. तारीख, वेळ आणि आधीपासून केलेली सेटिंग्ज ती जपून ठेवते. ती संपली की जुन्या यंत्रात तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सेटिंग्ज कारखान्यातून निघाली तशी होतात, आणि ज्या पद्धतीने विंडोज बसवली होती ती पद्धतच यंत्र विसरते. विश्रामबागेतल्या आमच्या एका शेजाऱ्यांना शहरातल्या एका दुकानात ‘हार्ड डिस्क गेली, नवी घाला’ असे सांगण्यात आले होते, कारण पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येत होता. तारीख २०१५ दाखवते आहे हे पाहून मी बॅटरी बदलली, यंत्र सुरू होताच डिलीट कळ दाबून सेटिंग्जमध्ये गेलो आणि बूट मोड, म्हणजे यंत्र सुरू होण्याची पद्धत, पूर्वीसारखा ‘यूईएफआय’ केला. त्यांच्या मुलीच्या दहावीपासूनच्या सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. चाळीस-पन्नास रुपयांच्या बॅटरीसाठी डिस्क फेकून दिली गेली असती, हे मला आजही खटकते. बॅटरी बसवताना अधिकचे चिन्ह वर राहील असे पाहावे, आणि सेटिंग्जच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

तिसऱ्या प्रकारात, कंपनीचे चिन्ह येऊन यंत्र अडत असेल, तर सर्वप्रथम लावलेले पेन ड्राइव्ह, प्रिंटर आणि मोबाइलच्या वायरी काढाव्यात, कारण विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हमधून सुरू होण्याचा प्रयत्न करत यंत्र थांबलेले असू शकते. तेवढ्याने काम झाले नाही तर एफ२ किंवा डिलीट दाबून सेटिंग्जमध्ये हार्ड डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर डिस्कची वायर काढून घट्ट बसवावी. डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक टक’ असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक आतली माहिती हाती लागण्याची शक्यता कमी होते.

नाव दिसते आहे आणि विंडोज तरीही उघडत नाही, अशा वेळी ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला ऐकण्यापूर्वी फाइली बाहेर काढाव्यात. दोन-तीन वेळा सुरुवात अर्धवट राहिली की विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतात. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडल्यावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ मिळतो. तिथे नोटपॅड असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे, नोटपॅडच्या फाइल मेनूतून ‘ओपन’ निवडावे आणि खाली ‘ऑल फाइल्स’ करावे. त्या छोट्या चौकटीतून आपले सर्व फोल्डर दिसतात, आणि माउसची उजवी कळ दाबून ते कॉपी करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवता येतात. ड्राइव्हची अक्षरे तिथे बदललेली असू शकतात, म्हणून सी मध्ये नाही तर डी आणि ई मध्येही शोधावे. डिस्क कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते, आणि मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन पाहता येते. फाइली सुरक्षित झाल्यावर त्याच पडद्यावरचे ‘स्टार्टअप रिपेअर’, मग नुकताच झालेला अपडेट काढून टाकणे, आणि शेवटी ‘सिस्टिम रिस्टोअर’ अशा क्रमाने जावे. नवी विंडोज बसवण्याची वेळ आलीच, तर विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानात ठेवून यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे का ते आधी तपासावे.

पुरात सापडलेल्या यंत्राची गोष्ट मात्र या सगळ्याहून निराळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण कितीतरी मागे टाकून ५७ फुटांपलीकडे गेली, तेव्हा गावभागात आणि सांगलीवाडीत तळमजल्यांवरचे कॉम्प्युटर गाळात बुडाले. पाणी ओसरल्यावर अनेकांनी ते उन्हात एक दिवस ठेवून चालू केले आणि त्या क्षणी जे वाचले असते तेही जळाले, कारण वरून सुकल्यासारखे दिसले तरी गाळातले क्षार ओलावा धरून ठेवतात आणि त्यातून वीज वाहते. अशा यंत्राची पिन सॉकेटला लावूच नये. कॅबिनेटमधून हार्ड डिस्क तेवढी काढावी, तिला वीज न देता, न उघडता, वाळवण्याचा प्रयत्नही न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. यंत्र बुडाल्याची तारीख आणि पाणी किती दिवस होते हेही त्याला सांगावे.