लोहाच्या गोळ्या लिहिण्याआधी

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. माझी विनंती आहे, त्याच वेळी लाल पेशींची संख्याही वाचा.

मी उल्हासनगरात छोटी लॅब चालवते. इथे सिंधी वस्ती मोठी, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण सदोष जनुक बाळगणारे) बरेच सापडतात. मागे एक मुलगी आली, तिसरा महिना चालू होता. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन 11.2 वरून हलत नव्हतं. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 62, म्हणजे पेशी अगदी बारक्या. पण संख्या 59 लाख, म्हणजे 5.9 दशलक्ष! लोह कमी पडलं असतं तर इतक्या पेशी सहसा तयार होत नाहीत. 62 ला 5.9 ने भागलं की साडेदहा येतात. हा मेंट्झर निर्देशांक. 13 च्या खाली असला की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा, वर असला की लोहाच्या कमतरतेचा. संशयच हं, निदान नव्हे.

मग स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर. तो पातळ, जिभेच्या आकाराचा ओढा आणि लगेच वाळवा. पावसाळ्यात सावकाश वाळलेल्या स्लाइडवर लाल पेशींत चकचकीत पोकळ्या दिसतात आणि नवखी मुलं हमखास फसतात. लेशमनचा रंग 2 मिनिटं नुसता, मग दुप्पट बफर द्रावण घालून 8 ते 10 मिनिटं. शेपटीच्या अलीकडे, पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथेच बघा. लाल पेशी लहान लिम्फोसाइटच्या (एक पांढरी पेशी) केंद्रकाशी ताडून पाहा, नॉर्मल पेशी साधारण तेवढीच असते. लोह कमी असेल तर पेशी लहानमोठ्या, मधे फिकट, काही पेन्सिलसारख्या लांबट. हिच्या मात्र जवळपास सगळ्या सारख्याच बारक्या होत्या, टार्गेट सेल (मधे गडद ठिपका असलेल्या, निशाण्यासारख्या पेशी) भरपूर, काहींत बारीक निळे ठिपके.

ठिपके नसले तरी माणूस वाहक असू शकतो. शिक्कामोर्तब एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीवर. हिचं हिमोग्लोबिन ए-टू 5.2 टक्के आलं; 4 च्या वर म्हणजे वाहक. सोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) कराच, कारण दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात आणि लोह फार कमी असलं तर ए-टू थोडं उतरतं. पण बाई गरोदर असेल तर लोह भरून येण्याची वाट बघत बसू नका. नवऱ्याचं रक्त लगेच मागवा. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि गर्भाच्या तपासणीला दिवस मोजकेच मिळतात.

तिचा नवरा दुसऱ्याच दिवशी आला. एमसीव्ही 88, ए-टू 2.6, म्हणजे तो वाहक नव्हता. रिपोर्ट मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवला.