इंग्लिशमधल्या फ्रेजेस ओळखायच्या कशा? मराठी येत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे

फ्रेजेसचा चॅप्टर बहुतेक मुलं पाठ करून टाकतात, नाऊन फ्रेज, व्हर्ब फ्रेज, अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, अ‍ॅडव्हर्ब फ्रेज, प्रिपोझिशनल फ्रेज, मग जेरंड, पार्टिसिपल, इन्फिनिटिव्ह, अशी लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक एक उदाहरण, आणि पेपरात वेगळं वाक्य आलं की सगळं गडबडतं. मला मनापासून वाटतं की हा चॅप्टर पाठ करायचा नाहीच, कारण मराठी माणसाकडे फ्रेज ओळखायची एक फार चांगली ट्रिक आधीपासून आहे, फक्त ती कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. इथे फ्रेज म्हणजे 'इडियम्स अँड फ्रेजेस' मधली नाही, तो भाग वेगळा. ग्रामरमधली फ्रेज म्हणजे एकत्र मिळून एकच काम करणारे शब्द, ज्यांत सब्जेक्ट आणि काळ दाखवणारं क्रियापद अशी जोडी नसते. ती जोडी आली की तो क्लॉज झाला. 'आफ्टर लंच' ही फ्रेज, 'आफ्टर वी हॅड लंच' हा क्लॉज. 'बिकॉज ऑफ द रेन' फ्रेज, 'बिकॉज इट वॉज रेनिंग' क्लॉज. म्हणूनच 'इन स्पाइट ऑफ' आणि 'डिस्पाइट' नंतर फ्रेज येते आणि 'ऑल्दो' नंतर क्लॉज येतो, 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' मध्ये हे कायम विचारतात, आणि हो, 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं, 'डिस्पाइट द रेन' एवढंच लिहायचं.

आता पहिलं काम, फ्रेजचा हेड शोधा. हेड म्हणजे ज्याच्याबद्दल बाकीचे शब्द बोलतायत तो मुख्य शब्द. 'द टॉल बॉय इन द ब्लू शर्ट' मध्ये कितीही शब्द असले तरी गोष्ट 'बॉय'ची आहे, म्हणून ही नाऊन फ्रेज, आणि चेक करायचं असेल तर सगळ्याच्या जागी इंग्लिशमधला 'ही' (he) टाकून बघा, वाक्य चाललं पाहिजे. 'व्हेरी प्राउड ऑफ हर डॉटर' मध्ये हेड 'प्राउड', म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज. 'क्वाइट स्लोली' मध्ये 'स्लोली', म्हणून अ‍ॅडव्हर्ब फ्रेज. 'मस्ट हॅव बीन स्लीपिंग' ही व्हर्ब फ्रेज, यात मधे 'नॉट' किंवा 'ऑल्वेज' घुसले तर ते व्हर्ब फ्रेजमध्ये धरायचे नाहीत, आणि प्रश्न असेल तर ही फ्रेज तुटते, 'हॅज शी बीन वर्किंग?' मध्ये 'शी' मधे आलीय पण 'हॅज बीन वर्किंग' एकच आहे.

हेड शोधायची सवय लागली की सब्जेक्ट-व्हर्बच्या चुका खूप कमी होतात, आणि आपल्याच त्या जास्त का होतात तेही कळतं. मराठीत आपण म्हणतो 'आंब्यांची पेटी आली', म्हणजे मुख्य शब्द 'पेटी' शेवटी, क्रियापदाला चिकटून. इंग्लिशमध्ये उलटं, 'द बॉक्स ऑफ मँगोज', हेड आधी येऊन गेला आणि क्रियापदाच्या शेजारी बसले 'मँगोज', मग आपला हात आपोआप 'आर' लिहितो. बरोबर आहे 'द बॉक्स ऑफ मँगोज इज ऑन द टेबल'. तसंच 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वॉज नॉट गुड'. क्रियापदाशेजारचा शब्द बघू नका, हेड बघा.

आता खरी गंमत, आणि इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. 'ऑन द टेबल' ही कोणती फ्रेज? एक पुस्तक म्हणतं प्रिपोझिशनल, दुसरं म्हणतं अ‍ॅडजेक्टिव्ह, तिसरं म्हणतं अ‍ॅडव्हर्ब, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. कारण नावं द्यायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे फ्रेज कशाची बनलीय त्यावरून, म्हणजे 'ऑन' या प्रिपोझिशनने सुरू होते म्हणून प्रिपोझिशनल. दुसरी म्हणजे ती वाक्यात काम काय करते त्यावरून, आपली जुनी शाळेतली ग्रामरची पुस्तकं बहुतेक या दुसऱ्या पद्धतीने जातात. हे एकदा समजलं की पुस्तकं एकमेकांशी भांडत नाहीत. प्रश्नात आधी बघा की काय विचारलंय, रचना की काम, आणि ऑप्शन्स कुठल्या पद्धतीचे आहेत.

काम ओळखायची आपली ट्रिक अशी. वाक्याचं मराठी करा आणि त्या फ्रेजच्या शेवटी काय येतं ते ऐका. 'द बुक ऑन द टेबल इज माइन', म्हणजे 'टेबलावरचं पुस्तक माझं आहे'. 'टेबलावरचं', शेवटी चा-ची-चं आलं, म्हणजे ती पुस्तकाला चिकटलीय, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्हचं काम. 'कीप द बुक ऑन द टेबल', म्हणजे 'पुस्तक टेबलावर ठेव'. नुसतं 'टेबलावर', चं नाही, म्हणजे ती क्रियापदाशी बोलतेय, कुठे ठेव ते सांगतेय, म्हणजे अ‍ॅडव्हर्बचं काम. 'द पीपल इन द बस' म्हणजे 'बसमधली माणसं', ला-ली-लं आलं तरी तेच, अ‍ॅडजेक्टिव्ह. 'वी स्लेप्ट इन द बस' म्हणजे 'बसमध्ये झोपलो', अ‍ॅडव्हर्ब. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'इन द बस' डिट्टो सारखंच दिसतं, मराठी मात्र फरक कानाला ऐकू येईल असा करून ठेवते. इंग्लिश घरात बोलणाऱ्या मुलाला ही सोय नाही!

कधी कधी वाक्याचे दोन अर्थ निघतात तेही यानेच सुटतं. 'आय सॉ द बॉय फ्रॉम द टेरेस', मी गच्चीवरून मुलगा पाहिला की गच्चीवरचा मुलगा पाहिला? पहिला बहुतेक वेळा बरोबर, पण 'आय नो द बॉय फ्रॉम नाशिक' मध्ये मात्र 'नाशिकचा मुलगा' हाच सरळ अर्थ. फ्रेज कशाला चिकटते यावर अर्थ बदलतो, म्हणून हा चॅप्टर फक्त मार्कांपुरता नाही.

ट्रिक कुठे चालत नाही तेही सांगते. 'इज', 'वॉज' नंतर आलेल्या फ्रेजला, 'शी वॉज इन अ गुड मूड', मराठीत 'चांगल्या मूडमध्ये होती', चा-ची-चं नाही, तरी ती 'शी' कशी होती ते सांगतेय, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्हचं काम. अशा वेळी प्रश्न विचारा. कोणता, कसला, कशा अवस्थेत असं उत्तर आलं तर अ‍ॅडजेक्टिव्ह, कधी-कुठे-का-कसं केलं असं आलं तर अ‍ॅडव्हर्ब, काय किंवा कोण असं आलं तर नाऊन. आणि 'शी वॉक्स एव्हरी मॉर्निंग' मधलं 'एव्हरी मॉर्निंग' बघायला नाऊन फ्रेज पण उत्तर देतंय 'कधी'चं, म्हणजे काम अ‍ॅडव्हर्बचं.

आता ते आयएनजीवाले. 'रनिंग' दिसलं की जेरंड की पार्टिसिपल हा प्रश्न पडतो, इथेही मराठी ऐका. 'रनिंग इन द मॉर्निंग इज गुड फॉर यू', 'सकाळी पळणं चांगलं', शेवटी 'णं' आलं, म्हणजे जेरंड फ्रेज, नाऊनचं काम. 'द बॉय रनिंग आफ्टर द बस इज माय कझिन', 'बसमागे पळणारा मुलगा', 'णारा' आला, पार्टिसिपल फ्रेज, अ‍ॅडजेक्टिव्हचं काम. 'द लेटर रिटन बाय हर' म्हणजे 'तिनं लिहिलेलं पत्र', 'लेलं' आलं तरी पार्टिसिपलच.

पार्टिसिपल वाक्याच्या सुरुवातीला आला तर मात्र सावध, कारण इथे मराठी आपल्याला फसवते. 'रस्त्यानं चालताना त्याच्या अंगावर झाड पडलं' हे मराठीत एकदम ओके. पण 'वॉकिंग डाउन द रोड, अ ट्री फेल ऑन हिम' असं लिहिलं तर इंग्लिशमध्ये झाडच रस्त्यानं चालत होतं असा अर्थ होतो, कारण सुरुवातीची अशी फ्रेज कॉमानंतरच्या सब्जेक्टला चिकटते. 'व्हाइल ही वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ ट्री फेल ऑन हिम' असं क्लॉज करून टाका. अर्ज आणि ईमेल्समध्ये ही चूक खूप दिसते.

'टू' वाली इन्फिनिटिव्ह फ्रेज तिन्ही कामं करते, 'आय वॉन्ट टू लर्न जर्मन' मध्ये काय हवंय याचं उत्तर म्हणून नाऊन, 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टू डू' मध्ये 'करायचं काम' म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह, 'शी केम टू मीट मी' मध्ये का आली, 'भेटायला', म्हणून अ‍ॅडव्हर्ब. इथे 'यला' कधी कधी अ‍ॅडजेक्टिव्हलाही येतो ('राहायला घर' म्हणजे 'अ हाऊस टू लिव्ह इन'), तेव्हा कानावर नाही, प्रश्नावर विसंबा.

उरलेले दोन पटकन. नावानंतर कॉमात तीच व्यक्ती किंवा वस्तू परत सांगितली की अपॉझिटिव्ह फ्रेज, 'पुणे, द कॅपिटल ऑफ द पेशवाज, ...'. आणि 'द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी वेन्ट आउट', 'पाऊस थांबल्यावर आम्ही बाहेर पडलो', यात फ्रेजला स्वतःचा कर्ता आहे पण काळ दाखवणारं क्रियापद नाही, ती अ‍ॅबसोल्यूट फ्रेज.

शेवटी एक वाक्य पूर्ण फोडून बघू, कारण फ्रेजच्या पोटात फ्रेज असते हे यादीतून कळत नाही. 'द ओल्ड मॅन सिटिंग नियर द विंडो वॉज रीडिंग अ न्यूजपेपर विथ ग्रेट केअर.' 'विंडो'पर्यंतचं सगळं एक नाऊन फ्रेज, हेड 'मॅन', जागी 'ही' बसतो. तिच्या पोटात 'सिटिंग नियर द विंडो', खिडकीजवळ बसलेला, पार्टिसिपल फ्रेज. (इंग्लिशमध्ये आयएनजी असूनही मराठीत 'बसलेला' येतो, 'बसणारा' नाही, घाबरू नका.) तिच्याही पोटात 'नियर द विंडो', नुसतं 'खिडकीजवळ', कुठे बसलेला, अ‍ॅडव्हर्बचं काम. 'वॉज रीडिंग' व्हर्ब फ्रेज. 'अ न्यूजपेपर' नाऊन फ्रेज. 'विथ ग्रेट केअर' रचनेनं प्रिपोझिशनल, कसं वाचत होते ते सांगते म्हणून काम अ‍ॅडव्हर्बचं, आणि तिच्या आत 'ग्रेट केअर' ही परत नाऊन फ्रेज. आता यातच 'विथ ग्रेट केअर' काढून 'विथ अ टोर्न कव्हर' टाका, न्यूजपेपरच्या जागी 'बुक' करा, आणि मराठी करून ऐका, 'फाटक्या कव्हरचं पुस्तक'. चं आलं ना?