वाचनाची मोडलेली बैठक पुन्हा कशी बसवावी

अमळनेरला २०२४च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथून हौसेनं आणलेलं एखादं पुस्तक अजून विसाव्या पानावर खूण घालून पडलं असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. एके काळी दोन दिवसांत कादंबरी संपवणाऱ्या माणसाला आता चार पानं जड जातात, आणि तो समजतो की आपली आवडच गेली. आवड सहसा जात नाही, बैठक मोडते. ती परत बसते, पण नुसत्या निश्चयानं नाही. त्यासाठी चार-दोन गोष्टी जागच्या जागी लावाव्या लागतात आणि साधारण सहा आठवडे धीर धरावा लागतो.

मनाला दोष देण्याआधी डोळे तपासा

वय चाळिशीच्या पुढे असेल तर पहिला संशय डोळ्यांवर घ्या. पुस्तक हात लांब करून धरल्यावरच अक्षर नीट दिसतं, सकाळपेक्षा संध्याकाळी त्रास जास्त होतो, वीस-पंचवीस मिनिटांत कपाळ जड होतं, ही चाळिशी लागल्याची लक्षणं आहेत. अक्षर लावण्यातच सगळी शक्ती खर्च होते, अर्थापर्यंत पोचायला काही उरत नाही, आणि माणूस म्हणतो, 'लक्ष लागत नाही.' मोबाईलवर दोन बोटांनी अक्षर मोठं करता येतं, पुस्तकात येत नाही. म्हणूनच अशा माणसाला मोबाईल तासभर चालतो आणि पुस्तक दहा मिनिटांत नकोसं होतं.

पंचेचाळिशीत साधारण अधिक एक ते दीडचा नंबर लागतो, पन्नाशीनंतर दोनच्या आसपास जातो. बाजारात टांगलेला तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो. तुमच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर त्यानं डोकं दुखणारच. रीतसर तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्या.

उजेडाची चूक घरोघरी दिसते. भिंतीला एकच ट्यूबलाईट आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलेलो, त्यामुळे स्वतःच्याच डोक्याची सावली पानावर पडते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब किंवा टेबल लॅम्प खांद्याच्या मागून, शक्यतो डाव्या बाजूनं, पानापासून दोन-अडीच फुटांवर येईल असा लावा. दिवा डोळ्यांना दिसता कामा नये, फक्त त्याचा उजेड पानावर पडावा. पुस्तक डोळ्यांपासून सव्वा ते दीड फुटावर धरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती कूलरची. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नाही, पण त्याचा झोत समोरून घेतला तर डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि पानंही फडफडतात. झोत पाठीमागून किंवा पायांकडे घ्या. पुस्तक कूलरच्या तोंडाशी ठेवून जाऊ नका, दमट हवेनं पानं फुगतात. कूलरची एकसुरी घरघर मात्र वाचनाला त्रास देत नाही. उलट गल्लीतले आवाज त्यात बुडून जातात.

लाईट गेली की हात मोबाईलच्या टॉर्चकडे जातो आणि टॉर्चबरोबर सगळे मेसेज समोर येतात. चार्जिंगचा दिवा वाचायच्या जागीच ठेवलेला बरा.

मोबाईल: बंद नको, लांब हवा

मोबाईल शांत करून शेजारी पालथा ठेवणं पुरत नाही. तो हाताशी असेपर्यंत 'बघू का, काही आलं असेल का' हा विचार थांबत नाही. मेसेज कधी असतो, कधी नसतो. या अनिश्चिततेमुळेच बघण्याची सवय घट्ट होते. त्यामुळे मोबाईल दुसऱ्या खोलीत, जिथं जायला उठावं लागेल अशा जागी, धान्याच्या कोठीवर किंवा कपाटात ठेवा. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ असू द्या.

घरात म्हातारं माणूस आहे, शेतावरून फोन येऊ शकतो, मग? अँड्रॉइड फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये निवडक नंबरांना परवानगी देता येते. त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यावा, अशीही सोय त्यात असते. दोन्ही चालू करा आणि रिंगचा आवाज मोठा ठेवा. अडचणीचा फोन दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतो.

मोबाईल ठेवला आणि लगेच पुस्तक उघडलं, असं करू नका. अर्धवट पाहिलेला व्हिडिओ, उत्तर द्यायचा राहिलेला मेसेज मनात रेंगाळत असतो. मध्ये दहा-पंधरा मिनिटं हाताचं काम ठेवा. भाजी निवडा, अंगणात पाणी मारा, कपडे घडी घाला. एवढ्यानं मन निवतं.

वेळ कोणती

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एक ते चारमध्ये नवी सवय लावायला जाऊ नका. ऊन, जेवणाची सुस्ती आणि बंद खोली यांत चांगला वाचणाराही पेंगतो. सकाळी साडेपाच ते सातचा वेळ सगळ्यांत चांगला, नाहीतर रात्री नऊनंतर गच्चीवर. गच्चीवर दिवा लावला की किडे येतात, म्हणून उजेड जरा बाजूला आणि पिवळसर ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली सगळीच माणसं थकलेली असतात. तेव्हा रात्रीचा आग्रह सोडून पहाटेची दहा मिनिटं धरा.

अपडाऊन करणाऱ्यांना आयता वेळ मिळतो. जळगाव-भुसावळ अंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेरचं, म्हणजे एका बैठकीपुरतं. अडचण गर्दीची नसते, ओळखीच्या मंडळींची असते. रेल्वेचा डबा बदला किंवा पहिल्याच दिवशी सांगून टाका की जाताना वाचणार, येताना गप्पा मारू.

बैठक बसवण्याची रीत

श्रावणात गावात पोथी लागते तेव्हा जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, वाचन मोठ्यानं होतं आणि अध्याय पुरा होईपर्यंत वाचणारा उठत नाही. एरवी वर्षभर पुस्तक हातात न धरणारी माणसंही त्या महिन्यात रोज तासभर बसतात. त्यात श्रद्धा आहेच, पण मांडणीचाही मोठा वाटा आहे. ती मांडणी उचला.

एक जागा ठरवा, जिथं तुम्ही जेवत नाही, झोपत नाही आणि टीव्ही बघत नाही. खुर्ची, ओटा, पायरी, काहीही चालेल. पलंग नको. पहिला आठवडा रोज फक्त दहा मिनिटं. बसल्यावर पहिलं पान मोठ्यानं वाचा, निदान पुटपुटत वाचा. आवाज काढला की डोळ्यांना ओळी गाळता येत नाहीत. मोबाईलवर आपण सरसर खाली जात शब्द टिपायला शिकलो आहोत. पुस्तकातही डोळे तेच करू बघतात, आणि वाक्याचा शेवट कळायच्या आत परिच्छेद संपतो. मोठ्यानं वाचणं हा त्यावरचा सगळ्यांत जुना उपाय. ज्यांच्या घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलली जाते त्यांना ग्रंथातली लांबलचक वाक्यं अशीच सुटतात. आपल्या बोलीतली कविता वाचायला घेतली तर जीभ आणखी लवकर सैलावते.

ओळीखाली पोस्टकार्डाएवढा कोरा कागद सरकवत चला. हाच कागद फार कामाचा आहे. लक्ष तुटलं की त्यावर पेन्सिलीनं एक उभी रेघ मारा. वीजबिल भरायचं आठवलं तर तिथंच 'वीजबिल' असं लिहा आणि पुढे चला. लिहिलेली गोष्ट मन धरून ठेवत नाही. कठीण शब्दाखालीही नुसती रेघ ओढा. अर्थ बघायला त्याच वेळी मोबाईल घ्यायचा नाही, बैठक संपल्यावर बघायचा. कादंबरीत पात्रं बरीच असतील तर त्यांची नावं आणि नाती कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. कोण कोणाचा काका हे विसरल्यामुळे सोडून दिलेल्या कादंबऱ्या कमी नाहीत.

पहिल्या दिवशी कागद रेघांनी भरेल. तो भरू द्या. पहिल्या आठ-दहा मिनिटांत मन पळतंच, मुरलेल्या वाचकाचंही पळतं. फरक एवढाच की तो उठत नाही. इथंच बहुतेक जण चुकतात. ते पाचव्या मिनिटाच्या अस्वस्थतेवरून ठरवतात की आज होणार नाही. त्या अस्वस्थतेत बसून राहणं हीच खरी कसरत आहे, हे एकदा ओळखलं की अर्धं काम झालं.

दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं करा, तिसऱ्यात वीस. चौथ्यात पंचवीस मिनिटं, आणि आता मोठ्यानं फक्त पहिला परिच्छेद. पाचव्यात वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये पाच मिनिटं उठून पाणी पिणं, दूरवर बघणं, पण मोबाईल नाही. सहाव्यात सलग चाळीस. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. पानं मोजू नका. साध्या गोष्टीची दहा पानं पंचवीस मिनिटांत होतात, वैचारिक लेखाची चारही होत नाहीत. मोजायचंच असेल तर कागदावरच्या रेघा मोजा. वर्षाला पन्नास पुस्तकांचे संकल्प तर पूर्ण टाळा. त्यांच्यापायी माणूस पातळ पुस्तकं शोधतो आणि पुन्हा सरसर वाचू लागतो.

बैठक संपल्यावर पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते तीन वाक्यांत घरातल्या कुणाला तरी सांगा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं शेवटचं अर्धं पान परत वाचून सुरुवात करा.

पुस्तक कोणतं घ्यावं

सगळ्यांनी गाजवलेलं, पाचशे पानांचं पुस्तक पहिल्यांदा नको. शाळेत असताना आवडलेलं एखादं पुन्हा वाचा. कथानक माहीत असल्यानं मन भटकून आलं तरी वाट चुकत नाही. त्यानंतर आठ-दहा पानांच्या कथांचा संग्रह, मग दीडशे पानांची कादंबरी. अक्षर मोठं आणि ओळींत अंतर असलेली आवृत्ती घ्या.

मधली पायरी म्हणून दिवाळी अंकाइतकं सोयीचं काही नाही. १९०९च्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा चालू आहे, आणि अंकातली कथा किंवा लेख एका बैठकीत संपतो. अनेक वाचनालयं दिवाळी अंकांची योजना चालवतात. एकदा ठरावीक रक्कम भरली की अंक बदलून नेता येतात. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, किंवा तुमच्या तालुक्याचं जे असेल ते. सभासद व्हाच. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात थांबतं, वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. शिवाय ग्रंथपालाला 'सोपं, छोटं आणि गुंतवणारं' एवढं सांगितलं तर तो कपाटापर्यंत घेऊन जातो.

पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचूनही पुस्तक पकडत नसेल तर परत करा. पण ती पन्नास पानं मोबाईल लांब ठेवून वाचलेली हवीत.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अडचण वेगळी आहे. अभ्यासिकेत ती दहा-दहा तास वाचतात आणि तरी गोष्टीचं पुस्तक त्यांना वाचवत नाही. कारण प्रत्येक ओळीत 'यावर प्रश्न येईल का' हे शोधायची सवय लागलेली असते. त्यांनी गोष्ट वाचताना हातात हायलायटर घेऊ नये, अभ्यासाच्या टेबलावर बसू नये, आणि सुरुवात कवितेनं किंवा नाटकानं करावी.

बिघडतं कुठं

डोळे पान उतरतात आणि डोक्यात काहीच जात नाही, असं झालं तर एकच परिच्छेद मागे जा आणि तो मोठ्यानं वाचा. पान-पान मागे जाऊ नका. कंटाळा तिथूनच येतो.

झोप येत असेल तर ताठ बसा, तोंडावर पाणी मारा. तरीही रोज येत असेल तर तुमची झोपच अपुरी आहे. आधी आठवडाभर वेळेवर झोपा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, तेही बघा.

लग्नसराईत, पाहुण्यांत खाडा होतोच. दोन-तीन दिवस गेले तर शेवटची दोन पानं वाचून आहे तिथून पुढे चला. आठवडा गेला तर वेळ निम्मी करून सुरू करा. बुडालेली पानं एका रविवारी भरून काढायला बसलात, तर सोमवारी पुस्तकाकडे बघवणार नाही.

आणि पुस्तकच नव्हे, पिक्चर, गप्पा, हिशेब, कशातच मन टिकत नसेल, सोबत भूक-झोप बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वाचनाचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड यांच्या तपासण्या साध्या रक्तातून होतात, आणि यांतलं काही बिघडलं तरी लक्ष लागत नाही. मन उदास असेल तर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरावर दिवसरात्र मिळते. प्रकृती सुधारली की पहिल्या आठवड्याची दहा मिनिटं पुन्हा धरा.