‘अ‍ॅडजस्ट करा’ऐवजी काय म्हणाल?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात दिवसभर कान दिला, तर ‘अ‍ॅडजस्ट’ हा शब्द निदान पाच कामांना जुंपलेला ऐकू येईल. ब्लाउज अ‍ॅडजस्ट करायचा असतो, आगाऊ दिलेली रक्कम, पाहुण्यांची झोपायची सोय, आमटीतलं मीठ आणि सुनेचा स्वभावसुद्धा. शब्द वाईट नाही, पण ऐकणाऱ्याने नेमकं काय करायचं, किती करायचं आणि कोणी करायचं हे तो सांगत नाही. म्हणून तो ओठांवर आला की आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. बदलायचं काय आहे: वस्तू, जागा, हिशेब की माणूस? आणि झळ कोणाला बसणार? एवढं ठरलं की मराठी क्रियापद शोधावं लागत नाही.

वस्तूच्या बाबतीत दिशा आणि माप सांगायचं. शिंप्याला ‘ब्लाउज जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हटलं, तर घट्ट करायचा की सैल हे त्याने अंदाजाने ओळखायचं. त्याऐवजी ‘आत घ्या’ किंवा ‘सोडा’ म्हणावं. माप सांगताना एक चूक हमखास होते. घेर एक इंच जास्त होतोय म्हणून ‘दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घ्या’ असं सांगितलं जातं. पण शिवण अर्धा इंच आत सरकली की पुढच्या आणि मागच्या, दोन्ही भागांतून अर्धा-अर्धा इंच जातो. दोन बाजू मिळून घेर तब्बल दोन इंचांनी घटतो आणि ब्लाउज अंगात शिरत नाही. तेव्हा शिवणीचं माप सांगूच नये. ‘एकूण घेर एक इंच कमी करा’ म्हणावं, शिवण प्रत्येक बाजूला पाव इंच आत घ्यायची हे शिंपी बघून घेईल. ‘सोडायचा’ असेल तर आधी आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेलं जादा कापड, किती शिल्लक आहे ते उलटून बघावं; कापड कापून टाकलं असेल तर सोडणार काय?

स्कूटरचा ब्रेक आवळतात किंवा सैल करतात, आरसा वळवतात, गॅस बारीक करतात. मीठ बेताने घालतात. तिथे फार विचार नको.

जागेसाठी ‘सरकणे’ पुरेसं आहे. सुरतेच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचं असेल तर ‘काका, जरा सरकता का?’ एवढं बास. समोरचे गुजराती असतील तर ‘काका, जरा खसजो ने’. माणसाला घरात किंवा गटात जागा करून द्यायची असेल, तर मात्र ‘सरकणे’ नाही, ‘सामावून घेणे’.

हिशेबात ‘अ‍ॅडजस्ट’ सर्वांत घातक, कारण त्यातून भांडण होतं. हॉलचं भाडं १८,२०० रुपये, ५,००० आधी दिलेले. ‘डिपॉझिट अ‍ॅडजस्ट करू’ याचा अर्थ मालकाच्या मनात ‘मोडतोड झाली तर त्यातून कापू’ असा असू शकतो आणि आपल्या मनात ‘बिलातून वजा’. लिहिताना ‘आगाऊ दिलेले ५,००० रुपये वळते करून बाकी १३,२००’ असं लिहावं. गुजराती व्यापारी यालाच ‘मजरे आपवुं’ म्हणतो. पावतीवर तो शब्द दिसला तर तुमची रक्कम बिलातून वजा धरली आहे असं समजावं. असे नेमके शब्द शेजारी शेजारी मांडायची सवय या शहराला जुनी आहे. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापला, तो कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा कोश.

गुजराती शेजारामुळे बडोदेकरांपुढे दोन सापळे जास्तीचे असतात. ‘अ‍ॅडजस्ट करून देऊ’ याला गुजरातीत ‘गोठवी दईशुं’ म्हणतात, म्हणजे जुळवून देऊ, सोय लावू. नव्या जागी मन रमलं की ‘गोठी गयुं’. मराठीत गोठतं ते पाणी किंवा रक्त, आणि गोठवतात ते बँकेचं खातं. पुण्याच्या नातेवाइकाला ‘तुमच्या पैशांचं गोठवून देतो’ असं बोलून गेलात तर तो दचकेलच. दुसरा शब्द ‘फावशे’. गुजरातीत त्याचा अर्थ ‘जमेल, सोयीचं होईल’ असा साधा. मराठीत ‘फावल्या वेळात’ ठीक आहे, पण ‘त्याचं चांगलंच फावलं’ म्हटलं की कोणीतरी संधी साधलेली असते. सोमवार सोयीचा असेल तर ‘मला सोमवारी जमेल’ म्हणावं. ‘चलावी लेजो’ मात्र बिनधास्त ‘चालवून घ्या’ करावं. इथे दोन्ही भाषा एकच बोलतात.

आता माणसं. इथे मराठीकडे शब्दांची इतकी चंगळ आहे की एकाच इंग्रजी शब्दावर भागवणं म्हणजे करंटेपणा. दोघंही थोडं बदलतात तेव्हा ‘जुळवून घेतात’. एकच जण माघार घेतो तेव्हा तो ‘पडतं घेतो’. स्वतःची हौस दाबली तर ‘मनाला मुरड घातली’. समोरच्याचं उणं पोटात घातलं तर ‘सांभाळून घेतलं’. हवं तसं मिळालं नाही तरी घेतलं, ते ‘चालवून घेतलं’. पुरेसं नव्हतं तरी निभावलं, ते ‘भागवलं’. चुकीचं असूनही गप्प राहिलं, ते ‘खपवून घेतलं’. अटी बोलून मध्य काढला, ती ‘तडजोड’. आणि नव्या गावाची सवय झाली की माणूस तिथे ‘रुळतो’.

यातल्या ‘सांभाळून’ आणि ‘खपवून’ यांची अदलाबदल सर्वांत महाग पडते. नव्या कामवाल्या ताईंची चूक सांभाळून घेतात. रोजची उद्धट उत्तरं खपवून घेतात. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात राग साठतोय. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी हवी’ हे वाक्य आलं, तर त्याच्या जागी वरच्या यादीतला एकेक शब्द घालून बघावा. ‘जुळवून घेणारी’ बसतो की ‘पडतं घेणारी’, हे समोरच्यांनाच विचारावं. उत्तर द्यायला वेळ लागला, तर तेही उत्तरच.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी बोलताना, आपला ‘अ‍ॅडजस्ट’ तिकडे तसाच चालत नाही. परदेशातल्या गाडीत ‘प्लीज अ‍ॅडजस्ट’ म्हटलं तर समोरचा गोंधळेल. कदाचित त्याला कपडे सावरायला सांगितल्यासारखं वाटेल. ‘कुड यू मूव्ह अप अ बिट?’ म्हणावं, ब्रिटनमध्ये ओळखीत ‘बज अप’, अमेरिकेत ‘स्कूट ओव्हर’. कपड्याला ‘ऑल्टर’, हिशेबाला ‘डिडक्ट’, भागवण्याला ‘मेक डू विथ’, रुळण्याला ‘सेटल इन’. ‘कॉम्प्रमाइज’ तडजोडीला चालतो, पण ‘कॉम्प्रमाइज्ड’ पासवर्ड म्हणजे चोरांच्या हाती लागलेला पासवर्ड. ‘अ‍ॅडजस्ट’ खुद्द इंग्रजीत मुख्यतः दोन ठिकाणी शोभतो: खुर्ची, आरसा, आवाज असं काही थोडंसं मागेपुढे किंवा कमीजास्त करताना, आणि नव्या परिस्थितीची सवय होताना. या दुसऱ्या अर्थी त्याच्यापुढे ‘टु’ येतो. ‘अ‍ॅडजस्ट विथ द कोल्ड’ नव्हे, ‘अ‍ॅडजस्ट टु द कोल्ड’.