पावापुरीच्या जलमंदिराला जाताय? मोजे घ्या

कारंजा-शिरपूरकडून बिहारच्या यात्रेला निघालात, तर पावापुरीला सकाळीच पोचा. तळ्यातली कमळं तेव्हा उमललेली असतात. भगवान महावीरांचं निर्वाण इथलं. तळ्याच्या मधोमध पांढरं संगमरवरी मंदिर, आत त्यांच्या चरणपादुका. तिथवर जाणारा सुमारे 600 फुटांचा पूल अनवाणी चालायचा. वैशाखात आपल्याला चपलेशिवाय अंगण ओलांडवत नाही, तशीच ती फरशी दुपारी पोळते. सोबत आजी असेल तर पुलापुरते जाड सुती मोजे पिशवीत टाकाच. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा. धर्मशाळेत जेवण सूर्यास्ताआधी उरकावं लागतं. पुलावर मात्र घाई नको, कमळाच्या पानांआडून मासे तोंड वर काढतात, पोरं तिथून हलतच नाहीत! दिवाळीला, महावीरांच्या निर्वाणदिनी, वाहायच्या निर्वाण लाडवासाठी खूप गर्दी होते. खोली आधीच सांगून ठेवा.